पावसाळा सोडून

महाळुंगे म्हटलं की बाहेरचा माणूस चाकणजवळचं समजतो. मी म्हणतोय ते मुळशी तालुक्यातलं, बालेवाडीच्या क्रीडासंकुलाशेजारचं, मुळा नदीकाठचं महाळुंगे. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत जी २३ गावं घेतली, त्यांतलं हे एक. माझी धाकटी बहीण तिथे आठव्या मजल्यावर राहते. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी तिच्याकडे मुक्कामाला होतो. दिवसभर पावसाने झोडपून काढलं होतं. इशाची नमाज झाली, जेवणं झाली आणि आम्ही गॅलरीत येऊन बसलो, तर एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. सोसायटीच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे. पूर्वीचं शेत असावं, कडेला बांधाच्या खुणा अजून दिसतात. त्यात गुडघाभर पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यातून बेडकांचा नुसता कल्लोळ चालला होता.

"भाईजान, रात्रभर हे असंच," मेहुणा म्हणाला. "सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकलीय. एकदाचं तिथलं काम सुरू झालं की सुटलो." असं म्हणून त्याने गॅलरीचं सरकतं दार ओढून घेतलं.

मेहुणा काही वाईट माणूस नाही. सकाळी सातला उठून हिंजवडीला जाणाऱ्याला झोप हवीच. पण त्याने वापरलेला 'गोंगाट' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. मला पक्ष्यांचे आवाज टिपायचा जुना छंद आहे. मी फोन घेतला, छत्री घेतली आणि खाली उतरलो.

कुंपणाच्या भिंतीजवळ दहा-पंधरा मिनिटं फोन धरून उभा राहिलो. तेवढ्यात रखवालदार बॅटरी मारत आला. "काय रेकॉर्डिंग करताय? नाव काय तुमचं?" नाव सांगितलं. नाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो एक क्षण येतो, तो आला. आमच्यातल्या बहुतेकांना तो क्षण ओळखीचा आहे. मी काही न बोलता केलेलं रेकॉर्डिंग त्याला ऐकवलं. तो कान देऊन ऐकत राहिला आणि एकदम म्हणाला, "हा पिवळा बघा, मोठा. आमच्याकडं पहिल्या पावसाला विहिरीच्या कडंला बसत्यात. आणि ही बारकी किरकिर हाय ना, ती नखाएवढ्या बेडकाची. लोकांना खरं वाटत नाही." तो मराठवाड्यातला, शेतकरी घरातला. मी पुढे कॉम्प्युटरवर जे पाहिलं, ते त्याला आधीच कानाने कळलेलं होतं.

घरी आल्यावर ते रेकॉर्डिंग मी 'ऑडॅसिटी' या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. त्यात आवाजाचं चित्र काढता येतं. त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर आवाजाची पट्टी, आणि जिथे आवाज जोरात तिथे रंग गडद. कानाला जो एकच कल्लोळ वाटत होता, त्याचे पडद्यावर थर दिसू लागले. अगदी तळाला एक सलग जाड पट्टा होता, तो जवळच्या जनरेटरचा. त्याच्यावर मोठ्या पिवळ्या बेडकाचे तुटक, रुंद ठोकळे. त्याच्याही वर छोट्या बेडकांच्या बारीक उभ्या रेघा, कंगव्याच्या दातांसारख्या. मोठ्या अंगाचा आवाज साधारणपणे खालच्या पट्टीत, लहान अंगाचा वरच्या पट्टीत. जो तो आपापल्या मजल्यावर. माझ्या बहिणीच्या इमारतीसारखंच.

खरी गंमत मात्र एकाच मजल्यावरचे आवाज बारकाईने पाहिले की कळते. एका बेडकाची रेघ आणि शेजारच्याची रेघ सहसा एकमेकींवर पडत नाहीत. एक थांबतो, मग दुसरा. हे मला एका रेकॉर्डिंगमध्ये अंधुक दिसलं, पण शास्त्रज्ञांनी ते नीट मोजलं आहे. जपानचे इक्क्यू आइहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भातखाचरातल्या झाडबेडकांवर बरीच वर्षं काम केलं. अंधारात शेकडो आवाजांतून कोणता आवाज कुठल्या बेडकाचा हे ओळखायचं कसं? त्यांनी छोटी उपकरणं बनवली. जवळ आवाज झाला की उपकरणातला दिवा लागतो. बांधाच्या कडेने अशी उपकरणं ओळीने ठेवली आणि दिव्यांचं चित्रीकरण केलं. आवाजाचं रूपांतर काजव्यांत झालं म्हणा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की शेजारशेजारचे नर आळीपाळीने ओरडतात. लांब अंतराने पाहिलं तर सगळा थवा एकदम गप्प होतो आणि पुन्हा एकदम सुरू होतो. म्हणजे क्षणाच्या हिशेबात शेजाऱ्याला जागा द्यायची आणि मिनिटांच्या हिशेबात सगळ्यांनी मिळून विसावा घ्यायचा. आइहारांच्या गटाने २०१९ मध्ये हाच नियम बिनतारी सेन्सरच्या जाळ्यांसाठी सुचवला, कारण सगळी यंत्रं एकाच वेळी बोलली तर तिथेही कोणाचंच ऐकू जात नाही.

हे सौजन्य आहे असं समजू नका. बेडूक नर ओरडतो तो मादीसाठी. त्यात त्याची प्रचंड शक्ती खर्च होते. शेजाऱ्याच्या आवाजावर आपला आवाज पडला तर मादीला दोन्ही कळत नाहीत. म्हणून थांबणं हे त्याच्या फायद्याचंच आहे. अनेक जातींत मादी आधी ओरडणाऱ्याकडे वळते, म्हणून आघाडी घेण्याची चढाओढही चालते. शिवाय ओरडण्यात धोका आहे. मायकेल रायन आणि मर्लिन टटल यांनी १९८०च्या सुमारास पनामात दाखवलं की एक वटवाघूळ बेडकाच्या आवाजाच्या रोखानेच त्याला पकडतं. घोळक्यात ओरडलं तर आपल्यावर झडप पडण्याची शक्यता कमी होते. स्पर्धा, भीती, शेजार आणि गरज, हे सगळं त्या 'गोंगाटात' आहे.

आता आपल्या राज्यातलं उदाहरण. २०१६ मध्ये एक शोधनिबंध आला आणि जगभर त्याची बातमी झाली. सातारा जिल्ह्यातल्या हुंबरळी परिसरात एस. डी. बिजू, वरद गिरी, रॉबिन सुयेश, मार्क बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाळी रात्री ओढ्याकाठी जागून काढल्या, चित्रीकरण केलं, आवाज टिपले. तिथल्या बेडकांच्या मीलनाची जी रीत त्यांना दिसली, ती त्याआधी कोणत्याच बेडकात नोंदलेली नव्हती. आणखी एक गोष्ट सापडली. या जातीत मादीही आवाज देते. जगात फारच थोड्या जातींत हे आढळतं. रात्रीच्या रात्री कान लावून बसल्याशिवाय हे कळलं नसतं.

या बेडकाचं शास्त्रीय नाव आहे निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. १९५५ मध्ये त्याला हे नाव मिळालं ते हुमायून अब्दुलअली यांच्या सन्मानार्थ. सलीम अली आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, त्यांच्यावर धडे आहेत. त्यांचेच नातलग असलेले हुमायून अब्दुलअली (१९१४–२००१) फारसे कोणाला आठवत नाहीत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते अनेक वर्षं मानद सचिव होते. मुंबई राज्याच्या १९५१च्या वन्यप्राणी-पक्षी संरक्षण कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्या काळात भारतातून दरवर्षी हजारो टन बेडकांच्या तंगड्या परदेशातल्या हॉटेलांसाठी जात. पहिल्या पावसात बेडूक ओरडू लागले की पकडणारे दिवे घेऊन निघत. ज्या आवाजाने मादी यायची, त्याच आवाजाने पकडणाराही यायचा. अब्दुलअलींनी १९८५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात या निर्यातीवर सविस्तर लेख लिहिला. बेडूक किती आणि कोणते किडे खातो, हे त्यांनी अभ्यासलं होतं. १९८७ मध्ये भारत सरकारने ही निर्यात बंद केली. आमच्या समाजातल्या एका माणसाचं नाव सह्याद्रीतल्या बेडकाला आहे, ही गोष्ट आपण आपल्या मुलांना सांगितली पाहिजे. मी सांगतो.

माझी नानी बेडकाला दगड मारू द्यायची नाही. "तस्बीह पढतोय तो," म्हणायची. मोठा झाल्यावर कळलं की तिच्या बोलण्याला आधार होता. एका हकीमाने औषधासाठी बेडूक वापरू का असं विचारलं, तेव्हा पैगंबरांनी (स.) बेडूक मारायला मनाई केली, ही हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. कोकणातले शाफई असोत की देशावरचे हनफी, बेडूक खाणं दोन्हींकडे निषिद्धच. बेडकाचं ओरडणं म्हणजे तस्बीह, या कथनाच्या सनदेबद्दल उलेमांत मतभेद आहेत, तो वाद मी इथे काढत नाही. पण सूरह बनी इस्राईलच्या ४४व्या आयतीचा आशय सर्वांना माहीत आहे. प्रत्येक वस्तू आपापल्या परीने अल्लाहची स्तुती करते, माणसाला मात्र ती समजत नाही. मला त्यातला न समजण्याचा भाग महत्त्वाचा वाटतो. समजत नाही म्हणजे ते निरर्थक आहे, असं तिथे म्हटलेलं नाही. उणीव ऐकणाऱ्याची आहे.

आपल्या शेजाऱ्यांच्या परंपरेतही हे ऐकणं आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर अख्खं एक सूक्त आहे. एक बेडूक दुसऱ्याचा शब्द उचलतो, शिष्य गुरूचा उचलतो तसा, अशी कल्पना तिथे येते. म्हणजे आळीपाळीचं ओरडणं हजारो वर्षांपूर्वी कोणाच्या तरी कानांनी टिपलं होतं. आणि आमच्या गावाकडे अजूनही, शेतकरी हिंदू असो की मुसलमान, मृग लागताना विचारतो, यंदा वाहन काय? पंचांगात बेडूक वाहन निघालं की पाऊस चांगला, असा समज.

इतकं सगळं असून महाळुंग्याच्या त्या प्लॉटमधले बेडूक सरकारी कागदावर येणं अवघड का आहे? माझं खरं म्हणणं इथून सुरू होतं.

२००६च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. मोठ्या नगरवसाहतींसाठी आणि उद्योगांसाठी पर्यावरण परिणाम अहवाल करतात. त्यासाठी त्या जागेची हवा, पाणी, माती, आवाज, झाडं, प्राणी यांची माहिती गोळा होते. रूढ पद्धत अशी की एका ऋतूची माहिती पुरते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून असावा. त्यामागे कारण आहे. पावसात हवेतली धूळ खाली बसते, त्यामुळे प्रदूषण मोजायला पावसाळा उपयोगाचा नाही. धुळीसाठी हा नियम बरोबर आहे. पण त्याच 'पावसाळा सोडून' नियमाखाली प्राण्यांचीही मोजणी उरकली तर बेडकाचं काय होणार? फेब्रुवारीत तो जमिनीखाली आहे. मार्चमध्ये प्लॉट वाळलेला, तडकलेला. पाहणीला आलेल्या माणसाने प्रामाणिकपणे चारही कोपरे हिंडून पाहिले तरी त्याला काही दिसणार नाही, काही ऐकू येणार नाही. तो प्रामाणिकपणेच लिहील की बेडूक आढळले नाहीत. मोठ्या पिवळ्या बेडकाचा जोर तर पहिल्या मुसळधार पावसानंतरच्या थोड्याच रात्रींत असतो. त्या रात्री कोणी तिथे नसेल तर कागदावर तो जन्माला येत नाही.

आवाजाच्या बाबतीतही तसंच. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. नियम हवेतच, आणि आपल्या जुलूसमधले डीजे असोत की त्यांच्या मिरवणुकीतले, दोघांनीही ते पाळले तर बरं होईल. पण डेसिबलचं यंत्र फक्त 'किती' सांगतं, 'कोण' ते सांगत नाही. त्याला जनरेटर आणि बेडूक सारखेच. स्पेक्ट्रोग्राम 'कोण' ते सांगतो. आणि जनरेटरचा बेडकाला त्रास होतो, हेही मोजलं गेलंय. ऑस्ट्रेलियात कर्स्टन पॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की रहदारीच्या गोंगाटात काही बेडूक वरच्या पट्टीत ओरडू लागतात. थायलंडमध्ये २००५च्या अभ्यासात मोटरसायकल आणि विमानाच्या आवाजात काही जातींचं ओरडणं कमी झालं, तर एका जातीचं उलट वाढलं. गोंगाट आमचा, आणि तक्रार मात्र त्यांच्यावर.

यावर लोक म्हणतील, माणसांना घरं मिळेनात आणि तुम्हाला बेडकांचं पडलंय. घर मिळणं किती कठीण असतं, हे मला कोणी शिकवू नये. माझ्या बहिणीला हा फ्लॅट मिळेपर्यंत किती दारं बंद झाली, ते आम्हाला माहीत आहे. महाळुंग्यात इमारती होऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. पीएमआरडीएने महाळुंगे-माण भागासाठी नगररचना योजना आखली, त्यात रस्ते, बागा, मोकळ्या जागा धरतातच. माझं म्हणणं एवढंच की कुठली खोलगट जागा बागेला सोडायची आणि कुठली भरायची हे ठरवण्याआधी एक पावसाळा ऐका. पाणी आपणहून जिथे थांबतं, तिथेच बेडूक जमतात. ती जागा भरली की पाणी तळघरातल्या पार्किंगमध्ये येतं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. बेडकांचं रेकॉर्डिंग म्हणजे एका अर्थाने पाण्याचाच नकाशा आहे.

आणि हे महाग नाही. माचिसच्या पेटीहून थोडं मोठं, झाडाला बांधून ठेवता येणारं रेकॉर्डर आज मिळतं. ठरलेल्या वेळी ते स्वतःच सुरू होतं आणि बंद होतं. तीन-चार ठिकाणी लावलं आणि त्यांची घड्याळं जुळवली, तर आवाज कोणत्या यंत्राकडे किती आधी पोचला यावरून बेडूक कुठे बसला आहे हेही काढता येतं. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, एवढाच तो हिशेब. ऑस्ट्रेलियन म्युझियमने २०१७ मध्ये 'फ्रॉगआयडी' नावाचं ॲप सुरू केलं. सामान्य लोक फोनवर बेडकांचे आवाज टिपून पाठवतात, तज्ज्ञ ऐकून जात ओळखतात. आपल्याकडे तज्ज्ञ नाहीत असंही नाही. नीलेश डहाणूकर आणि आनंद पाध्ये यांनी याच मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीच्या उभयचरांवर २००५ मध्येच शोधनिबंध लिहिला होता. ताम्हिणी घाटात गर्दी करणारे आपण, त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या महाळुंग्यात दार लावून घेतो.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, बांधकामाच्या पर्यावरण अहवालात 'पावसाळा सोडून' हा नियम हवेपुरता ठेवावा. उभयचरांसाठी पावसाळ्यातल्या किमान काही रात्रींचं ध्वनिमुद्रण सक्तीचं करावं आणि ते अहवालाला जोडावं. शब्दांत खोटं लिहिता येतं. तारीख-वेळ असलेलं मूळ रेकॉर्डिंग दुसरा कोणीही पुन्हा तपासू शकतो. दुसरी, २००२च्या जैवविविधता कायद्याखाली स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ग्रामपंचायत जाऊन महापालिका आली म्हणून गावाची नोंदवही शहराच्या फायलींत बुडू नये. तिच्यात गावोगावचे आवाज ठेवावेत. तिसरी मागणी तुमच्याकडे, म्हणजे वाचकांकडे आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्यातून एकदा, एकाच जागेवरून, एकाच वेळी, दहा मिनिटं फोनवर आवाज टिपा. सुरुवातीला स्वतःच्या तोंडाने तारीख, वेळ आणि जागा सांगा. शेजारपाजारचं बोलणं त्यात आलं तर तेवढा भाग काढून टाका, ते आपलं नाही. आणि रात्री कुंपणाजवळ उभं राहणार असाल तर रखवालदाराला आधी सांगून ठेवा. माझ्या वाचकांना याची गरज इतरांपेक्षा थोडी जास्त आहे.

दूरवरून आलेला सामूहिक आवाज हा माणसाला नेहमी गोंगाटच वाटतो. 'ते लोक' ओरडतात, असं आपण म्हणतो. आपल्याबद्दलही कोणीतरी कुठल्यातरी गॅलरीत बसून तेच म्हणत असतं. जवळ जाऊन ऐकलं की कळतं, त्यात एकेक जण आहे, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याचं संपण्याची वाट पाहतोय.

ते चित्र मी मेहुण्याला दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं. नेटवर्कचं काम करतो तो. आळीपाळीची गोष्ट त्याला माझ्याआधी कळली. ग्रुपवरची तक्रार त्याने काढली की नाही, मी विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात त्या प्लॉटला चारही बाजूंनी निळे पत्रे लागले. या जूनमध्ये बहिणीचा फोन आला, "भाईजान, यंदा शांत आहे." ती हे आनंदाने सांगत नव्हती. माझ्याकडे त्या रात्रीची ती फाईल आहे. तिच्यात तळाशी जनरेटर आहे, वर बेडूक आहेत आणि शेवटी रखवालदाराचा आवाज आहे. नियमाप्रमाणे तेवढा काढून टाकायला हवा होता, पण त्याला विचारून मी तो ठेवलाय.